बोट लागत नाही ती जागा

आमच्या सरांइतका घाबरट माणूस मी अख्ख्या जालना जिल्ह्यात पाहिला नाही, आणि हे मी प्रेमानं सांगतेय. कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. सर कुलूप ओढायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, परत येऊन ओढायचे, आणि मग शेजारणीला ओढायला लावायचे. एसटीत ड्रायव्हरच्या बरोबर मागे बसायचे, म्हणजे त्याला डुलकी लागली तर आपल्याला कळावं. शर्टाच्या खिशात दोन चष्मे, आणि भर दुपारी टॉर्च. कुठलंही काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "यात काय काय बिघडू शकतं?" माझ्या मैत्रिणीनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका दिली, तर तीसुद्धा नीट वाचून त्यांनी हेच विचारलं. तिनं पत्रिका परत घेतली होती.

जुन्या जालन्यात एका ठोक कापड दुकानाच्या वर त्यांचा क्लास होता. मोबाइलवरची ॲप कशी बनवायची ते शिकवायचे. खाली नव्या कापडाच्या ताग्यांचा वास, बाहेर ऑटोंची कटकट, आणि वर भिंतीला लावून ठेवलेले म्हातारे कॉम्प्युटर. मी भोकरदनकडच्या आमच्या गावावरून रोज एसटीनं यायचे. दुसऱ्या क्लासातल्या पोरांची पहिली ॲप बनून गेली तरी आमची हत्यारंच बसवून झाली नव्हती. ॲप बनवायला जी सॉफ्टवेअर लागतात त्यांना सर हत्यारंच म्हणायचे. ती बसवताना पडद्यावर 'नेक्स्ट'चं बटण आलं की आमची बोटं शिवशिवायची, आणि सर माऊसवर आपला पंजा ठेवायचे.

"काय लिव्हलंय ते वाच. मोठ्यानं."

मी वाचायचे. इंग्रजीतलं चऱ्हाट.

"म्हणजे काय होऊन राह्यलं?"

"माहीत न्हाई, सर."

"माहीत न्हाई, आन पुढं निघाली?"

झालं. मग ते चऱ्हाट कळेपर्यंत सगळा क्लास थांबायचा. मला रडू यायचं. एसटीचा पास संपत आलेला, घरी माय विचारायची काय शिकली, आणि मी सांगायचे, "आज एक बटण दाबलं."

आमच्या मजल्याचा मेन स्विच खाली दुकानाच्या जिन्याखाली होता. कापडवाल्या शेठजींना दुपारी जेवायला जाताना सगळं बंद करून जायची सवय. मोठं हत्यार नेटवरून उतरवायचं तर तासन्‌तास लागायचे, आणि मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे त्या दिवशी सर डबा घेऊन खाली जिन्यात बसायचे, एक हात स्विचवर ठेवून. दुसऱ्या हातानं जेवायचे. शेठजी म्हणायचे, "मास्तर, माझ्याच दुकानात माझ्यावर पहारा?" सर म्हणायचे, "तुमच्यावर न्हाई हो, तुमच्या हातावर. त्याला सवय हाय." शेठजी हसून निघून जायचे. सर मात्र हसत नसत, त्यांना खरंच घाम आलेला असायचा.

या हत्यारांत एक सोय असते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आख्खा फोन उभा करता येतो. दिसायला फोन, चालायला फोन, पण हातात घेता येत नाही. आपली ॲप आधी त्यावर चालवून बघायची. इंग्रजीत त्याला बरीच नावं आहेत, सर त्याला 'पडद्यातला फोन' म्हणायचे. या फोनाची बॅटरी आपण माऊसनं उतरवू शकतो, रेंज घालवू शकतो, तो पालथा घालू शकतो, नकाशावर बोट ठेवून सांगू शकतो की बाबा तू आता इथं आहेस. आम्ही सगळ्यांनी पहिल्या दिवशी आपापला चकाचक, महागातला फोन उभा केला. सर मागून फिरत आले.

"हा कुणाचा फोन?"

"कुणाचा न्हाई सर. नुसताच."

"नुसता फोन नसतो. फोन कुणाचा तरी असतो. पुसून टाक."

मग त्यांची ती सुप्रसिद्ध पद्धत. प्रत्येकानं घरातलं, नात्यातलं एक माणूस निवडायचं. त्याच्याजवळ जाऊन बसायचं आणि ते फोन कसा वापरतं ते बघायचं. नुसतं बसायचं. शिकवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, त्याचं बोट चुकत असलं तरी आपलं पुढं करायचं नाही. आणि मग हुबेहूब तसा फोन पडद्यावर उभा करायचा, त्याच माणसाच्या नावानं. एकीनं अंबडच्या मावशीचा फोन केला, तो सुप्रभातच्या फुलांनी इतका भरलेला की त्यात आणखी काही मावतच नव्हतं. एकानं मोंढ्यातल्या हमालमामांचा केला, त्यांच्या अंगठ्याला कायम धान्याची पूड, त्यामुळे दाबलं की एकाचं दुसरंच उघडायचं. आमच्या ॲप या लोकांच्या फोनवर चालल्या पाहिजेत, एवढीच सरांची परीक्षा होती. "सरांचा फोन कुणी करायचा?" असं एकदा कुणीतरी विचारलं. सर एकदम गंभीर झाले. "माझा न्हाई करायचा कुणी," म्हणाले.

मी अण्णांचा केला. अण्णा म्हणजे माझे वडील.

आमची मेंढरं आहेत. दिवाळी झाली की अण्णा, काका आणि काकू कळप घेऊन घाटाखाली उतरतात, खानदेशातल्या शेतांत मेंढरं बसवत बसवत पार पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. काका-काकू घोडीवर बिऱ्हाड लादून रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला जातात. अण्णा दिवसभर एकटे कळपाच्या मागं. त्या वर्षी त्यांना शुगर निघाली होती. गोळी सुरू झाली. आणि निघायच्या आधी एकदा गावाजवळच्याच माळावर ते चक्कर येऊन पडले. मेंढरं घरी आली, अण्णा आले नाहीत, म्हणून माय बघायला गेली, तर पालथे पडलेले. डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन दिवसभर उपाशी चाललं की साखर उतरते, खिशात गुळाचा खडा ठेवा. माय म्हणाली, या वर्षी जाऊ नका. अण्णा म्हणाले, "मंग मेंढरायला काय सांगू?" आणि तो विषय तिथं संपला. माझा संपला नाही. घाटाखाली कुठल्या तरी माळावर ते असेच पडले तर माय बघायला कशी जाणार? मला सारखं तेच दिसायचं.

हे मी सरांना सांगितलं, आणि पहिल्यांदा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस मला भेटलं. बरं वाटलं. बाकी सगळे "काही होत न्हाई" म्हणायचे.

आम्ही ॲप बनवायला घेतली. एकच बटण, ते दाबलं की अण्णा कुठं आहेत ते साध्या मेसेजनं आम्हाला कळणार. नेटवर भरवसा नको, असं सर म्हणाले. मी लिहिलं, 'दुपारी बारा वाजता दाबा.' सरांनी विचारलं, "तुझे वडील घड्याळ पाह्यतात का?"

"न्हाई."

"मंग बारा म्हणजे काय?"

मी विचार करून म्हटलं, मेंढरं पाण्यावर आली की. सर म्हणाले, "बराबर. तेच लिव्ह." अण्णांना वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिण्याऐवजी आम्ही बटणावर पाण्याचं चित्र काढलं.

अण्णांच्या फोनाची काच डाव्या बाजूनं तडकलेली होती, तिथं बोट लागतच नसे. हे पडद्यातल्या फोनवर कसं दाखवायचं? तशी काही सोय त्या हत्यारात नव्हती. सर खाली गेले, वायरमन लोक वापरतात ती काळी चिकटपट्टी आणली, आणि चक्क माझ्या मॉनिटरवर पडद्यातल्या फोनच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत चिकटवली. "इथं बोट लागत न्हाई. इथं काहीच ठेवायचं न्हाई." ती पट्टी मॉनिटरवर कायमची राहिली. दुसऱ्या बॅचची पोरं मला म्हणायची, तुझ्या कॉम्प्युटरला सुतक हाय का.

निघायच्या आधी अण्णा शुगर तपासायला जालन्याला आले, तेव्हा सरांनी त्यांना वर बोलावलं. अण्णा खुर्चीच्या काठावर बसले, काठी हातातच. सरांनी स्वतः पाणी आणून दिलं. मग आपली कारागिरी दाखवली. पडद्यातल्या फोनला त्यांनी नकाशावर अण्णांची सगळी वाट आखून दिली होती. सुरू केलं की आमच्या गावातून एक निळा ठिपका निघायचा आणि हळूहळू भोकरदनच्या पुढं, घाट उतरून, खाली नद्यांच्या कडेनं चालत राहायचा. कुणी काही दाबायला नको. सर इतके खुश मी कधी पाहिले नव्हते.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. "ह्यो म्या हाय व्हय?"

"होय, तुम्हीच."

"आन मेंढरं?"

"मेंढरं तुमच्यासंगंच की," सर हसले.

"बराबर," अण्णा म्हणाले. मग मी अण्णांच्या फोनात ॲप घालून पाण्याचं चित्र दाबून दाखवलं; माझा, सरांचा आणि गावाकडं मायचा असे तिन्ही फोन वाजले. सरांनी स्वतःचा नंबरही टाकून घेतला होता. काय काय बिघडू शकतं, या प्रश्नाचं एक उत्तर 'तुझाच फोन बंद पडू शकतो' असं आहे, हे त्यांचं म्हणणं.

कळप गेला. रोज दुपारी मेसेज येऊ लागला. मेसेज आला की सर मला एक मिस्ड कॉल द्यायचे, म्हणजे मला पोचला, तुला पोचला का, असा. मग क्लासात माझ्या पडद्यातल्या फोनला ते त्या दिवशीच्या जागी नेऊन ठेवायचे. पोरं चिडवायची, "सर, अण्णा जेवले का?" सर म्हणायचे, "पाण्यावर हायेत." आणि खरंच समाधानानं चहा घ्यायचे.

एके दिवशी मेसेज आला नाही.

मी फोन लावला. वाजला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. बंद लागला असता तर बॅटरी गेली म्हटलं असतं. वाजणारा आणि न उचललेला फोन फार वाईट. काका-काकूंकडं दुसरा फोन नव्हता. दुसऱ्या दिवशीही मेसेज नाही, फोन तसाच वाजतोय. माय गावाहून दर थोड्या वेळानं विचारायची, "आलं का गं?" आणि मी न्हाई म्हटलं की फोन ठेवायची.

सरांनी बाकीच्या पोरांना घरी पाठवलं, दाराला आतून कडी लावली आणि मला म्हणाले, "वडलांना काय झालं असंल ते आत्ता न्हाई. आधी फोनला काय झालं असंल ते पाहू." पडद्यातल्या अण्णांची बॅटरी त्यांनी पार तळाला नेली. बटण दाबलं. मेसेज गेला. रेंज घालवली, दाबलं, रेंज परत आणली. थांबलेला मेसेज निघाला. फोन फोटोंनी ठासून भरला, तरी गेला. सिम काढून परत घातलं, फोन बंद करून चालू केला. दर वेळी आमची ॲप शहाण्या मुलीसारखी वागत होती. आणि दर वेळी ती नीट चालली की मी सरांना परत दाबायला लावायचे. फोनचा दोष नाही म्हणजे माणसाला काहीतरी झालंय. मी लिहिलेली ॲप एकदा तरी बिघडू दे, असा मनातल्या मनात धावा करत मी तिथं बसले होते. सरांच्या कपाळावर घाम होता. हळूच म्हणाले, "बिघड की गं बाई."

आम्ही पोलिसांकडं जायचं ठरवून उठणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णांचा मेसेज. मला हुंदकाच फुटला. डोळे पुसते न पुसते तोवर दुसरा मेसेज, तिसरा, आणि मग धो धो, वाजायचं थांबेचना. मायचा फोन आला, ती रडत होती, "इतकं कामून बोलावून राह्यले गं ते?" मलाही तेच वाटलं. पडल्या पडल्या दाबतायत.

सर मात्र मेसेजमधल्या जागा एकेक करून पडद्यातल्या फोनला देत होते. सगळ्या देऊन झाल्यावर त्यांनी ठिपका चालवला. निळा ठिपका डांबरी रस्त्यानं सरळ निघाला, एका गावात थांबला, परत रस्त्यानं निघाला.

"मेंढरं अशी जातेत का?" सरांनी विचारलं.

मी डोळे पुसून बघितलं. "न्हाई. मेंढरं चरत जातात, वाकडीतिकडी. रस्त्याला येतच न्हाईत. हे... हे बिऱ्हाड चाललंय. घोडी."

"म्हणजे फोन घोडीवर हाय. कशात तरी दाबून राह्यलाय आन आपोआप दाबला जाऊन राह्यला."

क्षणभर मला हायसं वाटलं, आणि मग आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. फोन घोडीवर, तर मग अण्णा कुठं?

सरांनी क्लासला कुलूप लावलं. फक्त एकदाच ओढलं. शेवटच्या मेसेजातल्या गावाला जायचं म्हणजे भोकरदनला गाडी बदलायची आणि घाट उतरायचा. घाटाच्या गाडीत सर पहिल्यांदाच बसत होते. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली नाही, तरी बसले. सबंध घाटभर पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून होते आणि वळण आलं की डोळे मिटायचे. त्यांनी आपला तो ठरलेला प्रश्न विचारू नये, एवढंच मला वाटत होतं.

दिवस कलता कलता आम्ही गावाबाहेरच्या रानात पोचलो. काकूनं चूल मांडली होती. घोडी मोकळी चरत होती. आणि अण्णा कोकरं मोजत उभे होते. मी पळत गेले आणि त्यांच्या दंडाला धरून रडले. ते घाबरूनच गेले. "काय झालं? माय बरी हाय ना?"

काकूनं वाकळांची वळकटी सोडली. आत खोल, जुन्या धोतराच्या चिंधीत बांधलेला फोन; वाजला तरी बाहेर कुणाला ऐकू येणार नव्हता. घोडीच्या घामानं चिंधी ओली झालेली.

"घोडी परवा भटकली," अण्णा म्हणाले. "लई हिंडावं लागलं. मंग म्हणलं, आपल्याजवळ असं सांगणारं यंत्र हाय, ते घोडीलाच बांधू. माणूस कुठं हरवून राह्यलाय? हरवतं ते जनावर."

"अहो पण दाबायचं कुणी?" मी ओरडलेच. "दाबल्याशिवाय ते कसं सांगंल?"

अण्णा गोंधळून सरांकडं वळले. "तुमच्याकडं तं ते आपसूकच चालत होतं की. कुणी कुठं दाबत होतं? म्या आपलं दाबत होतो ते तुमाला रामराम म्हणून."

सर खाली बसले. मातीतच. ज्या ठिपक्याचा त्यांना एवढा अभिमान, तोच अण्णांनी खरा मानला होता. बॅटरी, रेंज, तडकलेली काच, सगळ्याची त्यांनी धास्ती घेतली होती. आपण दाखवतोय ते बघणाऱ्याला काय दिसतंय, याची घेतली नव्हती.

मग ते उठले, अण्णांजवळ गेले, आणि एक चष्मा काढून दुसरा लावला. अण्णांच्या डाव्या कानामागं, केसांत, सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर गवताची कुसळं होती. उजवी बाजू स्वच्छ.

"आज पडले होते का?"

"बसलो होतो जरा."

"बसलेल्या माणसाच्या कानामागं कुसळं कशी?"

अण्णांनी कानामागून हात फिरवला. काकूच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "आल्ती जराशी चक्कर," ते म्हणाले. "गूळ खाल्ला. उठलो. मेंढरं भवती उभीच होती."

म्हणजे आमचे फोन खणखणत होते आणि आम्ही घोडीच्या मागं धावत होतो, तेव्हा ते तिथं माळावर आडवे होते. कदाचित त्याच वेळी. मी हे आजही फार वेळ मनात धरू शकत नाही.

मला अण्णांना समजावून सांगायचं होतं. सगळं परत, पहिल्यापासून. सरांनी हातानं थांबवलं. "त्यांना काही सांगायचं न्हाई. त्यांना जे कळलं, तसंच करायचं. आपसूक सांगणारं."

अण्णांच्या अंगावरून कधीच न उतरणारी एक वस्तू होती, कमरेची चंची. पानतंबाखूची. सरांनी फोन तिच्यात घातला. मग मुक्कामालाच राहिले. बाहेरचं पाणीही न पिणारा माणूस काकूच्या हातची भाकरी आणि चुलीवरचा चहा मुकाट्यानं घेत होता. दुसऱ्या दिवशी ते कळपाच्या मागं निघाले, टॉर्च खिशात घेऊन. पाणी पिऊन मेंढरं बसली, अण्णा झाडाखाली टेकले, आणि सर समोर दगडावर, एकदा मेंढरांच्या तोंडाकडं आणि एकदा घड्याळाकडं बघत. रवंथ करून मेंढरं उठेपर्यंत बसून राहिले. अण्णा मला हळूच म्हणाले, "भला माणूस हाय. पण डोक्यानं बरा हाय ना?"

परत आल्यावर आम्ही बटण काढूनच टाकलं. आता दिवसा फोन हलायचा थांबला की आपोआप मेसेज जाणार: 'बसले'. परत हलायला लागला की दुसरा: 'उठले'. दोन्हींच्या मध्ये मेंढरांच्या रवंथाइतका वेळ. त्याहून जास्त झाला तर फोन मोठ्यानं ओरडणार, जवळपासच्या कुणालाही ऐकू जाईल असा, आणि आम्हाला सारखे मेसेज पाठवणार. सरांनी पडद्यातला फोन आडवा पाडून, उठवून, परत पाडून इतका तपासला की मला तो खरंच दमलेला वाटायला लागला. नवी ॲप अण्णांच्या फोनात घालायला ते स्वतः पुन्हा घाट उतरून गेले. तेव्हाही सीट मागचीच मिळाली, असं आल्यावर तक्रारीच्या सुरात सांगत होते.

याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात नोकरी करते, ॲपच बनवते. अण्णा अजून घाटाखाली जातात. फोन बदलला, चंची तीच. रोज दुपारी 'बसले' येतं आणि मी जे काही करत असेन त्यातून माझा जीव निघून तिकडं जातो. मग 'उठले' येतं. मग सरांचा मिस्ड कॉल. सरांचा क्लास बंद झाला, शेठजींना तो मजला गोदामाला हवा होता, पण मिस्ड कॉल बंद झाला नाही.

यंदा तो चुकायला लागला. कधी फार उशिरा यायचा, कधी कुणाला तरी भलत्यालाच जायचा. मी विचारलं तर म्हणाले, "रेंज न्हाई." एकदा म्हणाले, "लाईट गेल्ती." जन्मभर ज्या माणसानं आम्हाला अशी उत्तरं खपू दिली नाहीत, तो मला तीच देत होता. मग त्यांच्या शेजारणीकडून कळलं. सरांना डोळ्यांचं दुखणं आहे. एका बाजूनं दिसत नाही, आणि वाढत चाललंय. कुणाला सांगायचं नाही, असं तिला बजावलंय.

ऑफिसात मी एक पडद्यातला फोन उभा केला. नाव दिलं 'सर'. अक्षरं मोठी केली. मग हात थांबले. काळी पट्टी कुठं लावायची? डावीकडं की उजवीकडं, किती रुंद? इतकी वर्षं या माणसाचा मिस्ड कॉल रोज घेतला, आणि त्याच्या जवळ नुसतं बसून मी कधी बघितलंच नव्हतं. मी रजा टाकली आणि जालन्याची गाडी धरली.

सरांनी दार उघडलं. माझा आवाज ऐकून मग चेहरा माझ्याकडं वळवला. "अचानक? काय बिघडलं?"

"काही न्हाई सर. नुसती बसायला आले."

ते समजले. आता जा म्हणतील असं मला वाटलं. मग आत जाऊन त्यांनी स्वतः पाणी आणलं, ग्लास टेबलाच्या अगदी काठावर ठेवला, आणि समोर बसले.

दुपारी दोघांचे फोन एकदम वाजले. 'बसले'. सरांचा हात घड्याळाकडं गेला, मग त्यांनी तो मागं घेतला. बाहेर ऑटो जात होते. मी मनात मिनिटं मोजत होते, रोज मोजते. आज समोर दुसरं कुणी मोजतंय हे दिसत होतं, एवढाच फरक. मग पुन्हा फोन वाजले. 'उठले'.

मी समोर दोन हातांवर बसलेली असतानाही सरांनी मला मिस्ड कॉल द्यायला फोन उचलला. नेहमीसारखा. त्यांचं बोट पडद्यावर माझं नाव शोधत फिरायला लागलं. उजवीकडं गेलं, थांबलं, परत आलं, एका भलत्याच नावावर टेकलं आणि उचललं. माझा हात पुढं होऊ बघत होता. मी तो मांडीखाली दाबून धरला आणि त्यांनी शिकवलं होतं तशी गप्प बसून राहिले.

बऱ्याच वेळानं माझा फोन वाजला.